बडोद्यात दक्षिणी, पुण्यात गुजराती : दोन्हीकडचं होऊन राहायचं कसं

माझा जन्म बडोद्याचा, दांडिया बाजारातला. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, कॉलेज महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत म्हणजे आमच्या भाषेत एम. एस. ला, आणि 2009 साली लग्न होऊन पुण्यात आले. बडोद्यात जुनी गुजराती माणसं आम्हा मराठी लोकांना दक्षिणी म्हणजे दख्खनचे म्हणायची, त्यात राग नसायचा, ओळख सांगायची पद्धत होती ती. आणि पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सोसायटीतल्या एक काकू मला म्हणाल्या, 'तुम्ही गुजराती ना, पण मराठी किती छान बोलता हो.' त्या मनापासून कौतुक करत होत्या. मी घरी येऊन दार लावून रडले.

आज इतक्या वर्षांनी मला दोन्हीकडे घरी असल्यासारखं वाटतं, आणि ते आपोआप झालेलं नाहीये, त्यासाठी मी काही गोष्टी ठरवून केल्या. त्याच लिहितेय. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादहून आलेले असाल, आई एका भाषेची आणि बाबा दुसऱ्या भाषेचे असतील, किंवा दुबईत वाढून आता नाशिकला येऊन राहिला असाल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त बडोद्याच्या जागी आपापल्या गावाचं नाव घालून वाचा. मी उदाहरणं बडोद्याचीच देणार कारण तेच मला आतून माहितीये.

सगळ्यात आधी स्वतःची गोष्ट नीट माहीत करून घ्या. हे काम कंटाळवाणं वाटतं पण पाया हाच आहे, कारण आपल्यालाच आपली गोष्ट माहीत नसली की कोणी 'मग तुम्ही तिकडे गेलात कसे?' असं विचारलं की आपण चोरी पकडल्यासारखं बोलायला लागतो. मला शाळेत गायकवाड म्हणजे फक्त राजवाडा आणि सयाजीराव एवढंच माहीत होतं. नंतर वाचलं, बाबांना विचारलं, तेव्हा कुठे चित्र नीट दिसलं. 1721 च्या सुमाराला पिलाजीराव गायकवाड गुजरातेत आले, 1734 मध्ये बडोदं त्यांचा मुलगा दमाजीराव याच्या हातात आलं, आणि मग पुढची दोनशे वर्षं शिलेदार, कारकून, भटजी, सोनार, गवई, मास्तर अशी माणसं घाटावरून आणि कोकणातून येतच राहिली. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1 मे 1960 ला मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. माझे आजोबा या सगळ्या काळात त्याच वाड्यात त्याच ओट्यावर बसून पेपर वाचत होते. ते कुठेही गेले नव्हते. हे कळलं त्या दिवशी माझं अर्धं ओझं उतरलं.

आणि मराठीपण म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाच्या आतलंच असतं असं ज्यांना वाटतं त्यांना हेही सांगता येतं की अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात 1909, 1921, 1934 मध्ये झालंय आणि नंतर 2018 मध्ये 91 वं संमेलनही तिथेच झालं. आमचे बाबा तेव्हा तीन दिवस सकाळी निघायचे ते रात्री घरी यायचे, मी कित्येक वर्षांत त्यांना एवढं खुश बघितलं नव्हतं.

हे सगळं पुस्तकातलं झालं. घरातलं मिळवायचं असेल तर म्हातारी माणसं आहेत तोवर फोनचं रेकॉर्डिंग लावून समोर बसा. 'तुमच्या आठवणी सांगा' असं म्हटलं की ते म्हणतात काय सांगू बाई, आणि गप्प बसतात, त्यामुळे छोटे छोटे प्रश्न विचारायचे. आपल्याकडचं पहिलं कोण आलं आणि कोणाच्या ओळखीने आलं, संस्थानात काम काय होतं, पगार कशात मिळायचा, कुठल्या पोळात म्हणजे गल्लीत राहायचो, कुलदैवताला शेवटचं कोण जाऊन आलं, घरात गुजराती बोलायला कोणी सुरुवात केली, मुलीला गुजराती शाळेत घालायचं हे कोणी ठरवलं आणि तेव्हा भांडण झालं का. शेवटच्या प्रश्नावर माझी आत्या चाळीस मिनिटं बोलली. घरात मोडी कागद असतील तर ते रद्दीत टाकू नका प्लीज, संस्थानचा कितीतरी कारभार मोडीत चालायचा, मोडी वाचणारे लोक आजही आहेत आणि शिकवणारे वर्गही चालतात.

आता तो प्रश्न, 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आयुष्यभर येणारच आहे, चिडून उपयोग नाही, उत्तर तयार ठेवायचं. मी आधी म्हणायचे, 'आम्ही गुजरातचे पण मराठी आहोत' किंवा माहेरी गुजराती लोकांत 'आम्ही मराठी पण इथलेच.' मग एकदा लक्षात आलं की सगळी गडबड त्या 'पण' मध्ये आहे. 'पण' म्हटलं की आपणच कबूल करतो की या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि समोरच्याला पुरावा द्यायला लागतो. आता मी म्हणते, 'मी बडोद्याची मराठी.' बस. खरंच करून बघा, 'मी बेळगावची', 'मी तंजावरचा मराठी', 'आई मल्याळी, बाबा सातारचे, मी पुण्याची', 'पण' न घालता म्हणायचं आणि थांबायचं. समोरच्याने पुढे विचारलं आणि त्याला खरंच ऐकायचं असेल तर मोठी गोष्ट सांगायची, ती तर आता तुमच्याकडे आहेच. बसच्या रांगेतल्या माणसाला गायकवाडांचा इतिहास सांगायची गरज नाही.

भाषेबद्दल जरा जास्त लिहिते कारण मला सगळ्यात जास्त त्रास तिथे झाला. बडोद्याच्या मराठीत गुजराती इतकी मिसळलीये की आपल्याला कळतही नाही. लग्नानंतर एकदा सासूबाईंनी विचारलं रविवारी नातेवाईकांकडे जायचं का, मी म्हटलं, 'हो आई, मला फावेल.' गुजरातीत फावे म्हणजे जमेल, सोयीचं पडेल. पुण्याच्या मराठीत फावणं म्हणजे कोणाचं लक्ष नसताना आपलं साधून घेणं. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहरा उतरला होता, आणि मला दोन दिवसांनी नवऱ्याकडून कळलं. तसंच 'आज शाळेला रजा आहे' हे आमच्याकडे सुट्टीला म्हणायचं, इथे रजा माणूस घेतो, शाळेला सुट्टी असते. 'जेवायला अजून वार आहे', म्हणजे वेळ आहे, असं म्हटलं की इथले लोक सोमवार का मंगळवार असं बघतात. साकर म्हणजे गुजरातीत खडीसाखर, रोजची साखर ती खांड.

यावर दोन चुकीचे उपाय मी करून झालेत. पहिली दोन वर्षं मी बोलायचंच कमी केलं, चुकेन म्हणून. त्यानंतर सगळे गुजराती शब्द वेचून काढले, अगदी पुणेरी बोलायला लागले, तर माहेरी गेल्यावर आई म्हणाली, 'अगं तू टीव्हीवरच्या बाईसारखं काय बोलतेस?' शेवटी एक वही केली. डाव्या बाजूला आमचा शब्द, उजव्या बाजूला इकडचा शब्द, आणि खाली तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते. ऑफिसात, शाळेच्या मीटिंगला उजवीकडचा वापरायचा, घरात दोन्ही. आणि जिथे गैरसमज होऊ शकतो तिथे शब्द टाळायचा नाही, समजावून सांगायचा. सासूबाईंना मी फावणं समजावून सांगितलं. आता त्या स्वतः फोनवर मला विचारतात, 'तुला फावेल का गं?' हे ऐकलं की मला जे वाटतं ते सांगता येणार नाही.

लिहिण्याचं म्हणाल तर दुसऱ्या माध्यमात शिकलेल्यांना मराठी बोलता येतं पण लिहायची लाज वाटते. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी वाचता येत होतं, ऱ्हस्व-दीर्घ मात्र सगळं चुकायचं. मी आत्याला दर रविवारी मराठीत मेसेज लिहायला लागले, देवनागरीतच, चार ओळी का असेना. आत्या शिक्षिका होती, चुका सांगायची पण हसायची नाही. असं एक माणूस शोधा. ग्रुपवर लिहून शिकू नका, तिथे कोणीतरी शुद्धलेखन काढणारं असतंच आणि मग आपण परत रोमन अक्षरांवर येतो.

आता मुख्य. इतकं सगळं करूनही मला पहिली चार वर्षं पुण्यात पाहुणी असल्यासारखंच वाटायचं. सोसायटीच्या गणपतीला मी नटून जायचे, आरती म्हणायचे, प्रसाद घेऊन घरी यायचे. सगळे गोड बोलायचे. पाचव्या वर्षी वर्गणीचा हिशोब बघणारे काका आजारी पडले, मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून कोणीतरी वही माझ्या हातात दिली. त्या वर्षी मला रात्री अकराला फोन यायला लागले, 'मांडववाल्याला ॲडव्हान्स दिला का?', 'पावतीपुस्तक कुठाय?', 'अहो तुम्ही आज खाली का नाही आलात?' त्या शेवटच्या फोनला मी ओळखलं की हेच ते, जे मी चार वर्षं शोधत होते.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे, की कार्यक्रमांना जाऊ नका, काम घ्या. छोटं असू दे पण परत परत येणारं हवं, आणि ते ठराविक लोकांबरोबर हवं. वाचनालयात शनिवारी पुस्तकं लावणं, भजनी मंडळात पेटी, शाळेच्या बसथांब्यावर आळीपाळीने मुलांना सोडणं, टेकडीवरच्या झाडांना पाणी. निवडताना एकच बघा, आपण एक दिवस गेलो नाही तर कोणाचा फोन येईल का? येणार असेल तर तिथे रुजायला जागा आहे. नसेल तर तो कार्यक्रम आहे, एन्जॉय करा पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आणि हे काम दोन्ही बाजूंना घ्या, एकाच नाही. पुण्यात गुजराती लोक पिढ्यानपिढ्या राहतायत, मी त्यांच्यात जायला आधी घाबरायचे कारण तिथे मी दक्षिणी होणार. नवरात्रात गेले, आणि शेजारच्या बायकांना त्रण ताळी म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा शिकवायचं काम आपणहून घेतलं. तिथे मला आडनाव कोणी विचारलं नाही, पाय कसा टाकायचा तेवढंच विचारलं.

सयाजीराव महाराजांचंच बघा ना. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक येऊन एकदम गुजराती मुलखाचा राजा झाला, त्याला मराठीबरोबर गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं शिकायला लागलं. 1906 मध्ये त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आज बडोद्याच्या गुजराती माणसासमोर त्यांचं नाव काढा, तो आमचे महाराज म्हणेल, ते मूळचे कुठले हे त्याच्या मनातही येत नाही.

पण इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच महाराजांच्या स्कॉलरशिपवर 1913 मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढलं. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कमाटीबागेत बसून होते, त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. मी लहानपणी त्याच बागेत रविवारी खेळायला जायचे आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं, घरातल्या मराठी माणसांनीही नाही. तेव्हा काम घ्या, मिसळा हे सल्ले मी देते तेव्हा मला हे माहितीये की दार सगळ्यांना सारखं उघडं नसतं. तुम्हाला परकं का वाटतंय ते आधी तपासा. आपला संकोच असेल, शब्द अडत असतील, ओळखी नसतील, तर वरचे उपाय कामाचे आहेत. पण कोणी तुमचं आडनाव, जात, धर्म ऐकून घर नाकारत असेल, पाणी वेगळं देत असेल, तर ती तुमच्या प्रयत्नांची कमी नाहीये, तिथे आणखी गोड वागून काही होत नाही. तिथे सोबतची माणसं शोधायची, लेखी घ्यायचं, तक्रार करायची, आणि आपला जीव दुसऱ्या दारापाशी लावायचा. आणि तुम्ही आतल्या बाजूला असाल तर बाहेरच्याला वही द्या हातात. मला कोणीतरी दिली होती.

कागदपत्रांचं पटकन सांगते, कारण याचाही मनावर परिणाम होतो. महाराष्ट्राचं डोमिसाईल साधारण 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं, त्यामुळे भाडेकरार, वीजबिलं, शाळेचे दाखले पहिल्या वर्षापासून एका फाईलमध्ये ठेवा. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालतोच असं नाही, मुलांच्या ॲडमिशनच्या वर्षी हे कळून हादरण्यापेक्षा आधीच तहसीलमध्ये चौकशी करा. ऑफिसातला माणूस 'तुम्ही बाहेरचे' म्हणाला तर तो कागदाबद्दल बोलतोय, ते मनाला लावून घ्यायचं नाही. मला हे जमायला वेळ लागला.

सणांचं. दोन घरचे सगळे सण करायला जाऊ नका, त्यात बाईचा जीव जातो, आणि मग सण नकोसे होतात. दोन-तीन निवडा, शक्यतो जिथे दोन्ही बाजू आपोआप एकत्र येतात ते. दिवाळीचा पाडवा आणि गुजराती बेस्तु वरस म्हणजे नवीन वर्ष एकाच दिवशी असतं, आमच्याकडे सकाळी ओवाळणं होतं आणि लगेच साल मुबारकचे फोन. संक्रांतीला तीळगूळ आणि उंधियो, पतंग जमलं तर. आणि 1 मे, महाराष्ट्र दिन तोच गुजरात दिन. त्या दिवशी मी सेव-उसळ करते. बडोद्याची सेव-उसळ खाणाऱ्या कितीतरी गुजराती माणसांना उसळ हा शब्द मराठी आहे हे माहीतच नाही, त्यांच्यासाठी ते बडोद्याचं खाणं आहे, आणि पुण्यात कोणी त्याला मिसळ म्हटलं की मी सांगते नाही, ही वेगळी, रस्सा बघा, वरची सेव बघा, खाऊन बघा.

एक अवघड प्रसंग येतो तो म्हणजे एका बाजूचे लोक तुमच्यासमोर दुसऱ्या बाजूला नावं ठेवतात. इथे गुजराती म्हणजे पैशाचे लोभी, तिथे मराठी म्हणजे भांडखोर आणि धंदा न जमणारे. 'तुला नाही हं, तू आपली आहेस' हेही जोडलेलं असतं. ते ऐकून गप्प बसलं की त्या क्षणी आपण आत घेतले जातो, पण रात्री झोप येत नाही. मी भांडत नाही. एवढंच म्हणते, 'मी तिथे वाढलेय, माझ्या आईला ॲडमिट केलं तेव्हा शेजारच्या बेननी दहा दिवस डबा दिला होता.' एक खरा माणूस समोर ठेवला की बहुतेक लोक थांबतात. जे थांबत नाहीत त्यांच्याकडे चहाला जाणं मी कमी केलंय.

मुलांचं शेवटी. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते, पुण्याची आहे, बडोदं तिच्यासाठी आजीचं गाव. तिच्यावर माझं सगळं ओझं टाकायचं नाही हे मी ठरवलंय. तिला परीक्षा घेतल्यासारखं 'गुजरातीत बोलून दाखव' असं पाहुण्यांसमोर म्हणत नाही, चारचौघांत तिचं मराठी सुधारत नाही. फक्त तिच्या कानावर पडू देते. आई आणि मी फोनवर आमच्या मिसळलेल्या भाषेत बोलतो तेव्हा स्पीकर चालू ठेवते. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक इस्राएलला जाऊन इतक्या वर्षांनीही पेणकर, नवगावकर अशी कोकणातल्या गावांची आडनावं लावतात, शब्द असेच टिकतात, रोज वापरात राहून.

गेल्या दिवाळीला पाडव्याच्या सकाळी मुलीने आपणहून फोन घेतला, आजीला नमस्कार सांगितला आणि म्हणाली बेनला द्या. शेजारच्या बेन आईकडे आलेल्याच होत्या. त्यांना म्हणाली, 'साल मुबारक बेन, मला उन्हाळ्याच्या रजेत यायला फावेल.' रजा आणि फावेल दोन्ही. मी ओट्याशी उभी होते, हातातली करंजी तेलात सोडायची राहिली. ते दोन्ही शब्द त्या वहीत डाव्या बाजूला आहेत, खाली आजोबांचं नाव होतं, आता मुलीचंही लिहिलंय.